डॅनी गॅटनची गिटार आणि आपला शुद्धतेचा वाद

पुण्यातल्या एका दिवाळी पहाटेला अभंग सुरू होण्याआधी इलेक्ट्रिक गिटार वाजली. पाच-सात मिनिटांचा तुकडा असेल. त्याची चित्रफीत आमच्या साताऱ्याच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटात आली आणि गटात उभी फूट पडली. काहींचं म्हणणं, ही सरळ भेसळ आहे, अभंगाला असल्या ठिगळांची गरज नाही. बाकीच्यांचं म्हणणं, जग कुठल्या कुठे गेलं आणि तुम्ही अजून सोवळ्यातच. वाद दोन दिवस चालला, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी मला साक्षीला ओढलं: तू अमेरिकेत राहतेस, तूच सांग, तिकडे हे सगळं चालतं ना?

एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. बोलणार आहे ते एका अल्बमच्या आधाराने. '८८ एलमायरा स्ट्रीट', वादक डॅनी गॅटन, साल १९९१, कंपनी इलेक्ट्रा. अकरा रचना, सगळं वाद्यसंगीत, मध्यभागी एकच इलेक्ट्रिक गिटार. अमेरिकन खेड्यापाड्यांतलं कंट्री, कृष्णवर्णीयांच्या सोसण्यातून आलेला ब्लूज आणि ऐन वेळी सुचेल तसा फुलवायचा जॅझ त्यात असे मिसळलेत की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मी वॉशिंग्टनला लागूनच्या मेरीलँडमध्ये राहते, म्हणजे गॅटनच्याच मुलखात. तो १९४५ साली वॉशिंग्टनमध्ये जन्मला, आणि अल्बमचं नाव म्हणजे त्याच्या लहानपणच्या घराचा पत्ता आहे, शहराच्या ॲनाकोस्टिया भागातला. एवढ्या मोठ्या कंपनीने पहिल्यांदा जवळ केलं तेव्हा या माणसाने वेष्टनावर आपल्या आईवडिलांच्या घराचा नंबर टाकला. मला त्यातच त्याच्या संगीताची किल्ली दिसते.

वॉशिंग्टन म्हटलं की आपल्याकडे व्हाइट हाऊस आणि संसदेचा घुमट एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण तीसच्या दशकातली मंदी आणि नंतरचं महायुद्ध या काळात सरकारी नोकऱ्या आणि नौदलाची गोदी यांच्या ओढीने व्हर्जिनियातून, कॅरोलायनातून, ॲपलेशियाच्या डोंगरांतून माणसांचे लोंढे इथे आले. गोरे आले ते फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बँजो घेऊन. कृष्णवर्णीय कुटुंबं आली ती चर्चचं गाणं आणि ब्लूज घेऊन. यू स्ट्रीटच्या परिसरात जॅझ आधीपासून होताच, जॅझचा थोर रचनाकार ड्यूक एलिंग्टन याच शहरात १८९९ साली जन्मला. पुढे हेच शहर ब्लूग्रासचं, म्हणजे बँजो-फिडलवरच्या जलद कंट्रीचं, मोठं ठाणं झालं. 'कंट्री जंटलमेन' हा बँड इथलाच, १९५७ चा. शाळा १९५४ पर्यंत वर्णानुसार वेगळ्या होत्या, वस्त्या त्यानंतरही वेगळ्याच राहिल्या, पण रेडिओच्या लहरींना कुंपण घालता येत नव्हतं. गॅटनच्या पिढीच्या पोरांनी एकाच रेडिओवर हे सगळं ऐकलं. घरात वडीलही गिटार वाजवलेले. तेव्हा या पोराने तीन शैली 'एकत्र आणल्या' असं म्हणणं मला पटत नाही. त्याच्या कानात त्या वेगळ्या कधी नव्हत्याच.

वेगळ्या केल्या त्या विकणाऱ्यांनी, आणि आपल्या वादाला खरा उपयोगी पडणारा इतिहास हाच आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत विकायला दोन याद्या काढल्या. कृष्णवर्णीय कलाकारांच्या तबकड्या 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून, आणि गोऱ्या खेडुतांच्या 'हिलबिली' म्हणून. कित्येकदा गाणं तेच, चाल तीच, कातडीच्या रंगावरून यादी बदलायची. वास्तविक बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या हातांतून अमेरिकेत आलं. कार्टर कुटुंब म्हणजे कंट्री संगीताचं मूळ घराणं मानतात, पण त्यांना डोंगराडोंगरांतून गाणी गोळा करून देणारा सोबती लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक होता. जिमी रॉजर्सला कंट्रीचा जनक म्हणतात. त्याने १९३० च्या जुलैत हॉलिवूडमध्ये एक गाणं ध्वनिमुद्रित केलं, त्यात ट्रंपेट वाजवला जॅझमधल्या लुई आर्मस्ट्राँगने आणि पियानो लिल हार्डिन आर्मस्ट्राँगने. म्हणजे कंट्री, ब्लूज आणि जॅझ तेव्हाच एका खोलीत बसून वाजले होते. नंतर गाण्यांच्या खपाच्या याद्या छापणाऱ्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने १९४९ मध्ये 'रेस' हे नाव काढून 'रिदम अँड ब्लूज' केलं. नाव सुधारलं, कप्पा तसाच राहिला.

तेव्हा गटातल्या मित्रमैत्रिणींनो, 'तिकडे सगळं चालतं' हा समज आधी मनातून काढा. २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचं कंट्री आणि रॅप मिसळलेलं गाणं तुफान चाललं, तेव्हा 'बिलबोर्ड'ने ते कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं, त्यात आजच्या कंट्रीचे पुरेसे गुण नाहीत म्हणून. २०२४ मध्ये बियॉन्से या कृष्णवर्णीय पॉप गायिकेने कंट्रीचा अल्बम काढला तेव्हा 'हे कंट्री आहे का' यावर इथे महिनोन्‌महिने रान पेटलं होतं. त्याच अल्बमला २०२५ च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांत सर्वोत्तम कंट्री अल्बमचा मान मिळाला, तरी वाद मिटला नाही. शुद्धतेचे पहारेकरी इथेही दारोदार उभे आहेत. आपल्याकडे पहाऱ्याला परंपरेचं नाव असतं, इथे बाजाराचं, आणि दोन्हीकडे खाली जुने भेद गाडलेले असतात.

आता अल्बमकडे येते. मी लहानपणी पेटी शिकले, गिटार मला वाजवता येत नाही, त्यामुळे कानाला जे कळतं तेवढंच सांगते.

सुरुवात 'फंकी मामा'ने होते. ही मूळ ऑर्गनवादक बिग जॉन पॅटनची चीज, ऑर्गनच्या जोरावर चालणाऱ्या त्या धुरकट क्लबांच्या जॅझमधली. गॅटन ती गिटारवर घेतो. बिल हॉलोमनचा सॅक्सोफोन सोबतीला, खाली जॉन प्रेव्हिटीचा बेस, शॅनन फोर्डचे ड्रम्स. ठेका बैठकीचा आहे, धावपळ नाही. लगोलग 'एलमायरा स्ट्रीट बूगी' येतो आणि तोच हात आता बँजोच्या चालीने पळू लागतो. गॅटन बँजोही वाजवायचा. अंगठा आणि तर्जनीत नखी धरायची आणि मधलं बोट व अनामिका मोकळी ठेवून त्यांनीही तारा छेडायच्या, ही त्याची पद्धत. त्यामुळे एका हातातून बँजोचे अखंड फिरते बोल निघतात, आणि त्यांच्या मध्येच जॅझचे चार-चार सुरांचे भरीव स्वरगुच्छ पडतात. गती भयंकर आहे, पण एकही सूर चुरगळत नाही. तबल्यातला चांगला कायदा द्रुत लयीत गेला तरी प्रत्येक बोल सुटा ऐकू येतो, तसं.

त्याचं वाद्य म्हणजे फेंडर कंपनीची १९५३ ची टेलिकास्टर. लाकडाची सपाट फळी, तिला मान, तारांचं कंपन पकडणारे दोन पिकअप, दोन बटणं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये याहून साधं काही नाही. आवाज कमी-जास्त करायचं बटण मात्र असं बसवलेलं की तारा छेडता छेडता करंगळी त्यावर पोहोचते. गॅटन तार छेडताना ते बंद ठेवतो आणि छेडून झाल्यावर करंगळीने हळूच उघडतो. मग आघात ऐकूच येत नाही, सूर कुठून तरी उमलत येतो. जोडीला तार बोटाने ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर नेतो, आणि ओढता ओढता बाजूची तार स्थिर धरून ठेवतो. एक सूर जागेवर, दुसरा त्याच्याकडे सरकतोय. कंट्रीतल्या पेडल स्टील गिटारची (ती आडवी ठेवून, पायाच्या पेडलने तारांचा ताण बदलून वाजवतात) ही करामत त्याने साध्या गिटारवर आणली. आपल्या कानाला ही मींड ओळखीची वाटते, आणि त्याला कारण आहे. मांडीवर गिटार आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांब सरकवायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर जन्मली. तिथून ती नॅशव्हिलला गेली आणि कंट्रीचा रडवा सूर झाली. तिथूनच ती कोलकात्या-मुंबईला आली, हिंदी चित्रपटांत शिरली. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी त्याच गिटारवर राग वाजवून दाखवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या अल्बममध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ती आहे. म्हणजे गॅटनची मींड आणि काब्रांची मींड एका आजीच्या नाती आहेत.

अल्बममधली मला सगळ्यात प्रिय रचना बीच बॉईज या बँडची 'इन माय रूम'. मूळ १९६३ चं गाणं, एका मुलाने आपल्या खोलीबद्दल म्हटलेलं. एवढी बोटं चालणारा माणूस इथे मुद्दाम काहीच करत नाही. चाल जशी आहे तशी सांगतो. दोन सुरांमध्ये जागा सोडतो. शब्द नाहीत, तरी ओळ कुठे संपते, श्वास कुठे घ्यायचा, सगळं गाणाऱ्याचं. आपल्याकडे 'गायकी अंग' म्हणून वाद्यवादनाचं कौतुक करतात ते याचंच, आणि ते एका टेलिकास्टरमधून ऐकताना मला फार समाधान वाटतं. मग लगेच पुढे 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेची धून येते आणि ती तो तितक्याच मन लावून वाजवतो. त्याच्या लेखी उच्च-नीच नव्हतं. चाल चांगली असली की झालं.

प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या चित्रफिती आहेत, त्याही बघा. बिअरची भरलेली बाटली तो तारांवर घासून स्लाइड वाजवतो. बिअर फेसाळून गिटारच्या मानेवर सांडते. मग तो टॉवेल घेतो, तारा पुसायला लागतो, आणि टॉवेलखालूनही वादन चालूच असतं, न चुकता. लोक टाळ्या पिटतात. ही गंमत आहे हे खरं, पण टॉवेलखाली न दिसणाऱ्या पट्टीवर बोट बरोबर पडतं त्यामागे किती वर्षांची मेहनत असेल याचा विचार करावा. एकमेकांशी चुरस लावणाऱ्या वादकांमध्ये त्याला 'द हंबलर' म्हणत, म्हणजे समोरच्याचा माज उतरवणारा.

या सगळ्यातून मला जे म्हणायचंय ते आता म्हणते. सरमिसळ चांगली की वाईट, हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. विचारायचं ते हे, की मिसळणाऱ्याला दोन्ही घरांत चुलीपर्यंत प्रवेश आहे का? गॅटन बँजोचे बोल वाजवतो तेव्हा ते कोणाही डोंगरी वादकाने मान डोलवावी असे असतात. जॅझ वाजवतो तेव्हा तो चार्ली ख्रिश्चन आणि वेस माँटगोमेरी या जॅझ गिटारवाल्यांचं ऋण फेडत असतो. १९९२ मध्ये ब्लू नोट कंपनीच्या 'न्यूयॉर्क स्टोरीज'मध्ये जोशुआ रेडमन, रॉय हार्ग्रोव्ह, बॉबी वॉटसन अशा पक्क्या जॅझवाल्यांच्या पंगतीत तो बसला आणि कुठे परका वाटला नाही. बडी एमन्स हा पेडल स्टीलचा सर्वात मोठा उस्ताद, तो १९७८ च्या सुमारास गॅटनच्या बँडमध्ये वाजवत होता. त्याच्या मिश्रणात कुठलाच घटक पाणी घातलेला नाही.

आपल्याकडच्या बहुतेक फ्यूजन कार्यक्रमांवर माझा आक्षेप इथे आहे, आणि तो गटातल्या 'पुढारलेल्या' बाजूला नीट ऐकवायचाय. मी भारतात येते तेव्हा हे कार्यक्रम आवडीने ऐकायला जाते. होतं काय? गायिका आपली नेहमीची बंदिश नेहमीसारखी म्हणते. गिटारवाला खाली दोन स्वरगुच्छ धरून बसतो, कारण रागाच्या चलनाला धक्का न लावता त्याखाली काय भरायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. ड्रमवाला तीनतालाच्या समेला झांज मारतो. मग शेवटची दहा मिनिटं सवाल-जवाब, प्रत्येकाने जमेल तितकं जलद वाजवायचं, टाळ्या. कोणी कोणाच्या घरात शिरलंच नाही, सगळे अंगणात उभं राहून हात मिळवून गेले. या गोष्टीला मी भेसळ म्हणणार नाही, कारण भेसळ व्हायलासुद्धा आधी मिसळावं लागतं.

आणि शुद्धतावाल्यांनो, तुमच्याशी तर माझं भांडण जुनं आहे. ज्या नाट्यसंगीतावर तुम्ही जीव टाकता ते काय आहे? १८८२ च्या 'सौभद्र'मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातल्या चाली, साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी ढंग आणि रागदारी, सगळं एका नाटकात आणलं. १९११ च्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग मराठी रंगभूमीवर आणला. बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनची साथ असे, युरोपातल्या वाद्याची, आणि तिच्या शेजारी अहमदजान थिरकवांचा तबला. मी शिकले ती पेटीसुद्धा परदेशी वाद्य म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये बंद केली होती, १९७१ पर्यंत तिला तिथे मज्जाव होता. आज पेटीशिवाय भजन कल्पून बघा. अभंगाला पेटी चालते आणि गिटार चालत नाही, याचं कारण पेटी आधी आली एवढंच आहे.

हे सगळं जमलं कारण त्या माणसांचं शिक्षण दोन्हीकडे पक्कं होतं. गोविंदराव बैठकीतलं गाणं रक्तात मुरलेले. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही तेच. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याच्या हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, यांनी मिळून १९५१ च्या 'अलबेला'त स्विंगचा, म्हणजे नाचायच्या जॅझचा, बाज हिंदी गाण्यात असा बसवला की लोकांना तो आपलाच वाटला. चिक चॉकलेट हा काही एकटाच उगवलेला नव्हता. गोव्यातल्या गावोगावच्या चर्चच्या संगीतशाळांमध्ये पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत. पोर्तुगीज राजवटीत त्या शाळांतून वादकांच्या पिढ्यान्‌पिढ्या तयार झाल्या, आणि मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड व स्टुडिओंचे वाद्यवृंद त्यांच्यावर चालले. शाळा होत्या म्हणून माणसं घडली.

इथेही मला हाच फरक खरा वाटतो, मोकळेपणाचा फरक वगैरे नंतर. माझी लेक सरकारी शाळेत जाते. शाळेत बँड आहे, तंतुवाद्यांचा वृंद आहे, आणि जॅझ बँड आहे. वाद्य परवडत नसेल तर शाळा देते. ती जॅझ बँडमध्ये गिटार वाजवते. तिच्या सरांनी तिला पहिल्या सत्रात एकही सोलो, म्हणजे एकटीने पुढे येऊन वाजवायचा तुकडा, वाजवू दिला नाही. नुसतं मागे बसून साथ करायची, बेस आणि ड्रम्स ऐकत, दुसऱ्याच्या सोलोला जागा देत. घरी एक जुना सोलो कानाने ऐकून सूर न्‌ सूर बसवायचा, कागद बघायचा नाही. मला हे ऐकून साताऱ्यातल्या माझ्या बाई आठवल्या, त्याही वर्षभर नुसते अलंकार घोटून घेत. तालीम ती तालीम. फरक एवढाच की माझी तालीम आईच्या हट्टावर आणि बाबांच्या पगारावर चालली, लेकीची पालिकेच्या करातून चालते. महाराष्ट्रात गिटारच्या खासगी शिकवण्या गल्लोगल्ली आहेत. पण दहा मुलांना एकत्र बसवून एकमेकांचं ऐकायला शिकवणारी शाळा किती गावांत सापडेल? दिवाळी पहाटेच्या त्या गिटारवाल्या मुलाला नावं ठेवण्याआधी हा विचार करा. त्याचा हात तयार होता, ते चित्रफितीत दिसतं. त्याला साथीला कसं बसायचं हे कळत नव्हतं, आणि ते एकट्याने खोलीत बसून कळत नाही.

आता दुसरी बाजू, कारण 'तिकडे कलेची कदर होते' हे वाक्य मला घरून फार ऐकावं लागतं. दुरून डोंगर साजरे. गॅटनचंच बघा. १९८९ मध्ये 'गिटार प्लेअर' मासिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतलं ते जगातला सर्वात थोर अज्ञात गिटारवादक म्हणून. तेव्हा तो चव्वेचाळिशीच्या घरात होता. तोवरचे त्याचे बरेचसे अल्बम त्याच्या आईने, नॉर्मा गॅटन यांनी, स्वतःच्या छोट्या कंपनीतून काढले होते. तो पत्र्याचं काम करायचा, जुन्या मोटारी दुरुस्त करायचा, त्यात त्याला आनंदही होता. वॉशिंग्टनच्या आसपासच्या बारमध्ये रात्र रात्र वाजवायचा आणि घरी जायचा. पिकतं तिथे विकत नाही, हे अमेरिकेतही तितकंच खरं. फेंडरने १९९० मध्ये त्याच्या नावाची टेलिकास्टर काढली, १९९१ ला हा अल्बम आला, ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. कुठल्या विभागात? रॉक वाद्यसंगीताच्या. कंट्री, ब्लूज आणि जॅझ यांपैकी कुठल्याच कप्प्यात तो बसेना, म्हणून चौथ्यात टाकला. १९९३ ला पुढचा अल्बम आला, आणि मग कंपनीने त्याला सोडलं. त्याला दौरे नकोसे वाटत, बायको आणि मुलीजवळ, आपल्या शेतावर राहायचं असे. दौरे न करणारा आणि कुठल्याही एका फळीवर न मावणारा माणूस कसा विकायचा, हे कोणाला समजलं नाही. ४ ऑक्टोबर १९९४ ला न्यूबर्गच्या शेतावरच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. एकोणपन्नास वर्षांचा होता. माणूस असं का करतो याचं एक कारण सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. पण त्याच्या हयातीत त्याच्या संगीताला या देशात हक्काची जागा मिळाली नाही, एवढं नक्की.

न्यूबर्ग माझ्या घरापासून दक्षिणेला आहे. ३०१ क्रमांकाच्या रस्त्याने पोटोमॅकवरच्या पुलाच्या दिशेने जायचं. आजूबाजूला तंबाखू वाळवायची जुनी लाकडी कोठारं, आता बरीचशी पडकी. अल्बममध्ये 'ब्लूज न्यूबर्ग' नावाची रचना आहे ती याच गावावर. मी त्या रस्त्याने जाताना ती लावते. त्या जॅझच्या अंगाने जाणाऱ्या ब्लूजमध्ये शहर आणि शेत दोन्ही आहेत, आणि नकाशावर ती खरोखरच तासाभराच्या अंतरावर आहेत.

म्हणून गटातल्या दोन्ही बाजूंना माझं उत्तर असं. मुलाने अभंगाआधी गिटार वाजवली, याला माझी हरकत नाही. त्याला भीमपलास गुरूकडे बसून शिकू द्या आणि ब्लूज त्यातल्या जाणत्याकडे बसून शिकू द्या, दहा वर्षं द्या, आणि तोवर त्याला प्रत्येक कार्यक्रमात 'फ्यूजनचा तुकडा' म्हणून चिकटवू नका. त्याचं नाव पत्रिकेवर छापा. त्या चित्रफितीखाली गायकाचं, निवेदकाचं, प्रायोजकाचं, सगळ्यांचं नाव होतं, गिटारवाल्याचं नव्हतं. याबद्दल गटात कोणीच तक्रार केली नाही, शुद्धतावाल्यांनी नाही आणि पुढारलेल्यांनीही नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

इथल्या आम्हा मराठी मंडळींनाही हे लागू आहे. आमच्याकडे आठवडाभर शाळेत जॅझ वाजवणारी आणि रविवारी तबला-पेटी शिकणारी मुलं घरोघरी आहेत. दोन्ही घरांत चुलीपर्यंत जायची संधी या मुलांना आहे, ती पुण्यातल्या मुलालाही नाही आणि इथल्या अमेरिकन मुलालाही नाही. आणि आपण त्यांना काय देतो? गणपतीत तीन मिनिटं, पाहुणे कलाकार यायच्या आधी, माइकची तपासणी चालू असताना, समोर लोक जेवणाच्या रांगेत उभे. यंदा मी आमच्या समितीकडे लेखी मागणी केली आहे: अर्धा तास, नुसतं वाद्यसंगीत, गायक नाही, मध्ये निवेदन नाही, प्रत्येक वादकाचं नाव पत्रिकेत. सराव आमच्या तळघरात सुरूही झालाय. तबला आणि पेटी आहे, लेकीची गिटार आहे, ड्रमसेट एका मुलाच्या वडिलांनी आणून ठेवलाय. बेस वाजवणारं मराठी घरातलं कोणी मिळालं नाही, म्हणून लेकीच्या जॅझ बँडमधलाच एक मुलगा येतो. त्याला भीमपलास ठाऊक नाही, पण चढताना रिषभ-धैवत का सोडायचे हा प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी विचारला. दर शनिवारी पहिला अर्धा तास लेक त्याला आरोह-अवरोह आणि चलन सांगते, आणि नंतरचा अर्धा तास तो तबलेवाल्या मुलाला चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचा ब्लूज कुठे वळतो ते बेसवर दाखवतो.